सफाईवाला मासा आणि आपली जीवदया



मागच्या महिन्यात भिशीला एका वहिनींनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आमच्याकडे माशांची टाकी घेतलीय. रोज सकाळी नातवंडं त्यांना खायला घालतात. लहानपणापासूनच जीवदयेचे संस्कार नकोत का व्हायला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षभरापूर्वी मीही डोलावली असती. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, ही कसली जीवदया? त्या माशांना तुम्ही काय खायला घालता, ते पाकिटावर वाचा एकदा." सगळ्या गप्प झाल्या. मग कोणीतरी चहाचा विषय काढला. घरी येताना मला वाटलं, बोलायचंच होतं तर नीट, सगळं सांगायला हवं होतं. म्हणून आज लिहायला बसले. वहिनी हे वाचतीलच. रागावू नका, कारण पहिला गुन्हा माझाच आहे.

आमच्या सोसायटीत एका वाढदिवसाला मुलांना परतीची भेट म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-दोन मासे वाटले. जैन घरातलाच वाढदिवस, जेवणात कांदा-लसूण नव्हता, केक बिनअंड्याचा होता, आणि शेवटी जिवंत प्राणी पिशवीत भरून वाटले! पण त्या दिवशी मला त्यात काही खटकलं नव्हतं. नातू पिशवी घेऊन नाचत घरी आला. पिशवीत किती दिवस ठेवणार? मुलानं टाकी आणली. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. मग दोन गोल्डफिश, काही गप्पी, दोन मोली, तळाला निळे-गुलाबी खडे आणि प्लॅस्टिकचा किल्ला. सगळी हौस झाली.

दीड महिन्यात काच हिरवी व्हायला लागली. टाकीत लावायला आणलेल्या पाणवनस्पतीबरोबर गोगलगाईंची अंडी आली असावीत, कारण एके दिवशी काचेवर मोहरीएवढ्या गोगलगाई फिरताना दिसल्या, आणि पंधरा दिवसांत त्या मोजता येईनात. मी नातवाला घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काकू, सोपं आहे. हे चार लोच घेऊन जा. सफाईवाले मासे आहेत. तळाचं उरलंसुरलं खातात, गोगलगाई तर एक ठेवणार नाहीत." मला मासे दिसलेच नाहीत आधी. एका कोपऱ्यात नळीच्या आडोशाला चौघे एकमेकांना चिकटून पडले होते. बोटाएवढे लांबट, गडद आणि पिवळसर बारीक पट्टे, तोंडाला इवल्याशा मिशा. झेब्रा लोच. मी पैसे दिले आणि घेऊन आले.

आता इथे थांबा जरा. मी काय केलं ते परत वाचा. गोगलगाई मारायला मी मारेकरी विकत आणला. आपण श्रावक-श्राविका हिंसेचे चार प्रकार पाठशाळेत घोकतो. आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्ण सुटत नाहीत, चूल पेटते, धंदा चालतो, प्रसंगी संरक्षण करावं लागतं. पण संकल्पी हिंसा, ठरवून केलेली, ती तर सोडायचीच, असं आपल्याला शिकवलं. मग "या गोगलगाई संपव" म्हणून एक जीव विकत आणणं कोणत्या खात्यात टाकायचं? स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला मान्यता देणं, तिन्हींचं पाप सारखं लागतं हे आपणच सांगतो. मी १९८१ ची बी. कॉम. आहे. दुसऱ्याच्या नावावर खर्च टाकला म्हणून तो खर्च नाहीसा होत नाही, एवढं मला कळायला हवं होतं.

मला ते कळलं नातवामुळे. तिसऱ्या दिवशी तो टाकीला नाक लावून बसला होता आणि एकदम ओरडला, "आजी, त्यानं गोगलगाय शंखातून ओढून खाल्ली!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, हा मासा जैन नाही का गं?" सूनबाई हसली. मला हसू आलं नाही.

"निसर्गाचा नियम आहे तो," असं तुम्ही म्हणाल. मलाही अनेकींनी तेच सांगितलं. नदीत मासा गोगलगाय खातो तो निसर्गाचा नियम, त्यात माझा हात नाही. माझ्या दिवाणखान्यात, दोन फुटांच्या पेटीत, जिथून गोगलगाईला पळायला जागा नाही, तिथे दोघांना एकत्र मीच आणलं.

आणि गंमत म्हणजे त्या लोचची गरजच नव्हती. नंतर मुलानं वाचून सांगितलं ते असं. गोगलगाई वाढतात त्या खाली पडलेल्या जास्तीच्या खाण्यावर. नातू दिवसातून चार वेळा चिमूट-चिमूट टाकत होता, त्याची 'जीवदया' तळाला जाऊन कुजत होती. खाणं एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच टाकलं की गोगलगाईंची वाढ आपोआप थांबते. काच हिरवी होते ती दिवसभर जळणाऱ्या दिव्यानं. दिवा सहा-सात तासच लावला, आठवड्याला थोडं पाणी बदललं, की शेवाळ वाढतच नाही. शेवाळ म्हणजे अनंतकाय. म्हणून तर आपण न्हाणीघर कोरडं ठेवतो, घडवंचीखाली ओल राहू देत नाही. वाढू द्यायचं आणि मग मारायचं, यापेक्षा वाढूच द्यायचं नाही. हे आपल्या आज्यांना माहीत होतं, आणि मी मात्र दुकानदाराचं ऐकत बसले.

आता या लोचविषयी. मला वाटत होतं सगळे शोभेचे मासे कुठेतरी तळ्यात पैदा करतात, कोंबड्यांसारखे. गोल्डफिश, गप्पी, मोली यांची पैदास होते हे खरं. पण हा झेब्रा लोच, ज्याचं शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायटा, तो आपल्या पश्चिम घाटातल्या नद्यांचा रहिवासी आहे. जगात दुसरीकडे कुठे तो मूळचा नाही. १९२० साली नारायण राव यांनी शिमोग्याजवळच्या तुंगा नदीतून त्याची पहिली नोंद केली. महाराष्ट्रात कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांत तो सापडतो, म्हणजे आपल्याच अंगणात. घरच्या टाकीत हा मासा अंडी घालत नाही म्हटलं तरी चालेल. दुकानात येतो तो बहुतेक नदीतून पकडून. आज तो जागतिक यादीत धोक्यातल्या जातींमध्ये आहे. २०१३ साली अभ्यासकांनी निर्यातीचे आकडे मांडले, ते मुलानं मला वाचून दाखवले. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या ३० जातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी परदेशी गेले, आणि त्यात सर्वांत जास्त गेलेल्या तीन गटांत हा आपला पट्टेवाला लोच होता. देशात दुकानांतून विकले गेले ते वेगळेच, आणि मी नेलेले चारही त्या वेगळ्यांतले.

माझं माहेर गडहिंग्लज तालुक्यातलं, हिरण्यकेशीच्या काठचं. लहानपणी आम्ही पाण्यात उभ्या राहिलो की दगडाखालून बारीक मासे सुळकन निघायचे आणि दुसऱ्या दगडाला जाऊन चिकटायचे. त्याच नदीच्या उगमाशी, आंबोलीला महादेवाच्या मंदिराजवळ, करंगळीएवढा एक नवा लोच सापडला. २०२० साली त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी असं नदीचंच नाव दिलं, आणि २०२१ मध्ये सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एवढाशा माशासाठी! मला ती बातमी वाचून माहेरचं कोणी मोठं झाल्यासारखा आनंद झाला होता. आणि त्यानंतर मीच जाऊन त्याच्या भाऊबंदांना ऐंशी रुपयांना एक या भावानं विकत आणलं. आपल्या श्रद्धेचा आणि पिशवीचा हिशेब कधी कधी दोन वेगळ्या वह्यांत असतो.

माहेरची आणखी एक गोष्ट. आमची आजी विहिरीचं पाणी दुहेरी जाड कापडातून गाळायची. गाळून झालं की कापड उलटं करून, गाळलेल्या पाण्यानंच हलकेच धुऊन, ते पाणी परत त्याच विहिरीत सोडायची. वरून ओतायचं नाही, भांडं पाण्यापर्यंत खाली उतरवायचं. त्याला ती जिवाणी म्हणायची. एकदा मी कंटाळून जिवाणी अंगणातल्या हौदात ओतली. आजीनं मला मारलं नाही, पण दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "त्या पाण्याचा जीव त्याच पाण्यात जगतो. विहिरीचा हौदात जगत नाही, हौदाचा विहिरीत जगत नाही." आजी शाळेत गेलेली नव्हती. डोळ्याला न दिसणाऱ्या जीवांसाठी आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हा एवढा त्रास काढला. आणि आम्ही, शिकलेल्या त्यांच्या नाती, डोळ्याला दिसणारा, मिशा हलवणारा नदीचा मासा कोमट, साचलेल्या पाण्यात आणून सोडतो.

साचलेल्या पाण्यात त्याचं काय होतं, तेही मी पाहिलं. हे मासे वाहत्या पाण्याचे, खळाळाचे. थंड आणि वाहत्या पाण्यात प्राणवायू जास्त असतो. २० अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलीग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तेच पाणी ३० अंशांना गेलं की साडेसातच्या आसपास. सांगलीचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. आमच्या टाकीचं पाणी दुपारी ३० च्या वर जायचं. त्यात दोन गोल्डफिश, आणि गोल्डफिशइतकी घाण करणारा दुसरा मासा शोधावा लागेल. टाकी ५६ लिटरची, खडे आणि किल्ला वजा जाता पन्नासच. त्या घाणीतला अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीव टाकीत स्थिरावायला आठवडे लागतात, आणि नातू हौसेनं दर रविवारी सगळं पाणी ओतून टाकी घासायचा, म्हणजे ते कधीच स्थिरावले नाहीत. तळाचे निळे-गुलाबी खडे धारदार. लोच तळाशी मिशांनी चाचपडत खाणं शोधतो, त्या मिशाच झिजल्या. आंधळ्याची काठी मोडावी तसं ते. नवव्या दिवशी एक गेला.

दुसरा माझ्या हातून गेला. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. दुकानातून औषध आणलं, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे मोजून थेंब टाकले. लोचच्या अंगावरची खवलं इतकी बारीक असतात की औषध त्याला फार लवकर लागतं, त्याला निम्मंच देतात, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रात्री तो आडवा पडून वरखाली होत होता. मी त्याला जाळीनं काढायला गेले. त्याच्या डोळ्याखाली एक काटा असतो, घाबरला की तो उभा राहतो, आणि तो काटा जाळीत अडकला. मी कात्रीनं जाळी कापत होते आणि णमोकार म्हणत होते. पुढचं लिहीत नाही.

त्यानंतर मी खाण्याचं पाकीट वाचलं. त्यात पहिलाच घटक माशांची भुकटी. दुकानदारानं लोचसाठी म्हणून दिलेली दुसरी वस्तू आमच्या फ्रीजरमध्ये होती. लाल चौकोनी वड्या. मला वाटलं होतं काही तरी रंगीत खाद्य असेल. त्या अळ्या होत्या, डाससदृश माश्यांच्या, गोठवून दाबलेल्या. एका वडीत किती असतील, मी मोजायला गेले नाही. ज्या फ्रीजमध्ये मी आलं ठेवत नाही, बटाटा ठेवत नाही, त्यात हे दोन महिने होतं, लोण्याच्या शेजारी. चातुर्मासात!

"मग शाकाहारी खाणं घाला," एक मैत्रीण म्हणाली. शेवाळाच्या वड्या मिळतात, वाफवलेली काकडी, पालक ते थोडं खातात. पण या जातीच्या माशाचं मुख्य पोट किडे-अळ्या-गोगलगाईंवर चालतं. त्याला नुसत्या काकडीवर ठेवणं म्हणजे हळूहळू उपाशी मारणं. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा. पहिला बंध, कोंडून-बांधून ठेवणं. शेवटचा अन्नपाननिरोध, खाण्यापिण्याला रोखणं. खाऊ घातलं तर दुसऱ्या जीवांची हिंसा, न घातलं तर अतिचार, आणि पेटीत ठेवला तेव्हाच पहिला अतिचार घडून गेलेला. मी पुष्कळ विचार केला, मला यातून सुटायची वाट सापडली नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडली तर मला जरूर सांगा, पण "त्यात काय एवढं" हे उत्तर नको. रात्री पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बायकांच्या तोंडी ते शोभत नाही.

"अहो, नदीत तरी कुठे सुखात आहेत? पंचगंगेत दर उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच पडतो, त्यापेक्षा आपल्याकडे बरे," हा युक्तिवाद मला आमच्याच घरात ऐकावा लागला, ह्यांच्याकडून. खच पडतो हे खरं आहे, मीही बघितलाय. पण शेजाऱ्याचं घर जळतंय म्हणून त्याचं पोर पळवून आणणं याला मदत म्हणत नाहीत. नदीत सांडपाणी सोडतात त्यांच्याविरुद्ध अर्ज द्या, मी सही करते, माझ्या मंडळाच्या चाळीस सह्या आणून देते. त्या अर्जाचा आणि दुकानातून मासा आणण्याचा काही संबंध नाही. उलट एकीकडून घाण आणि दुसरीकडून जाळं, असे दोन्ही मार त्याच माशाला.

आणि दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणींनाही सांगते, ज्या हे वाचून उद्याच बादली घेऊन घाटावर जातील. नका सोडू. अभयदानाच्या नावाखाली टाकीतले मासे नदीत, तलावात सोडणं ही आणखी मोठी चूक आहे. टाकीतला रोग पाण्याबरोबर नदीत जातो. आणि सकर, गप्पी असे परदेशातून आलेले मासे आपल्या पाण्यात फोफावले की इथल्या माशांचं खाणं आणि जागा बळकावतात. पर्युषणात पुण्य म्हणून सोडलेला एक सकर पुढे किती स्थानिक जीवांच्या मुळावर येईल, त्याचा हिशेब सोडणाऱ्याच्याच नावावर चढतो. आजीची जिवाणी 'त्याच' विहिरीत जायची, कुठल्याही नव्हे.

मग आधीच घरात आहेत त्यांचं काय? ज्याला कोंडलं त्याला निदान नीट ठेवणं एवढं तरी आपल्याकडे लागतं. रंगीत खडे काढून गुळगुळीत गोटे आणि धुतलेली बारीक वाळू घाला. पाणी जोरात फिरवणारा पंप लावा, तोंडाला जाळी बांधून, नाहीतर हे सडपातळ मासे आत ओढले जातात. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. लपायला कौलाचा, कुंडीचा तुकडा द्या. सगळं पाणी कधीही एकदम बदलू नका, आठवड्याला चौथा हिस्सा पुरतो, आणि नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच घाला. काढायचा झाला तर जाळी नको, वाटी वापरा.

हे सगळं मी उरलेल्या दोघांसाठी केलं. तरीही ते दिवसभर कौलाखालून बाहेर येत नव्हते. मग कळलं की हा मासा घोळक्यात राहणारा आहे, पाच-सहा तरी हवेत, नाहीतर तो भेदरून राहतो. दुकानदार म्हणाला, "आणखी चार टाका, काकू." म्हणजे दोघांचा एकटेपणा घालवायला नदीतून आणखी चार ओढायचे. मला रात्रभर झोप आली नाही. मुलगा म्हणाला, "आई, मासेच आहेत." हो, मासेच आहेत.

शेवटी त्याच्याच ओळखीतून कोल्हापूरचे एक गृहस्थ सापडले. चार फुटी टाकी, पाण्याला ओढ्यासारखा वेग, आणि त्यात असेच आठ लोच बरीच वर्षं असलेले. नवे आणत नाहीत, कोणाला नकोसे झाले तर घेतात. आम्ही झाकणाच्या डब्यात दोघांना घालून नेलं. नातू वाटेत एक शब्द बोलला नाही. त्या घरी डबा टाकीत कलता केला, दोघे सरळ तळाला गेले, आणि पाचेक मिनिटांत नळीतल्या घोळक्यात घुसले. कोणते आपले, ते ओळखू येईना. नातू बराच वेळ शोधत राहिला.

आता टाकीत गप्पी आणि मोली आहेत, तेही नवे न आणता. गोल्डफिश वाढदिवसवाल्यांच्या नातेवाइकांच्या मोठ्या हौदात गेले. गोगलगाई मी वाटीनं वेचून गॅलरीतल्या जुन्या माठात ठेवल्यात, त्यांना वाळकं पान टाकते. पुढच्या रविवारी आमच्या नातवाचा वाढदिवस आहे. परतीची भेट म्हणून सूनबाईनं तुळशीची रोपं सांगितलीत, पंचवीस. मातीत गांडूळ असेल तर, असं मी म्हणणार होते, पण तिचा चेहरा बघून गप्प बसले.